पर्यायी वायुग्रहण संच

पर्यायी वायुग्रहण संच म्हणजे मोटारगाडीच्या उत्पादकाने बसवलेली हवा गाळणी, तिची पेटी आणि इंजिनाकडे जाणारी नळी काढून त्यांच्या जागी वाहनमालकाने बाजारातून घेऊन बसवलेली गाळणी व नळी होय. सुट्या भागांच्या दुकानांत तो ‘एअर इनटेक किट’, ‘कोल्ड एअर इनटेक’ किंवा नुसता ‘ओपन फिल्टर’ या नावांनी विकला जातो. इंजिनाला अधिक हवा मिळते, त्यामुळे अश्वशक्ती वाढते आणि इंधनही वाचते, असा या संचांविषयीचा सर्वसाधारण दावा असतो. मूळ अवस्थेतील आधुनिक गाडीच्या बाबतीत हा दावा फारच मर्यादित अर्थाने खरा ठरतो. मिळणारा लाभ बहुधा एक-दोन टक्क्यांच्या आत असतो. उष्ण आणि धुळीच्या प्रदेशात चुकीच्या जागी बसवलेला संच शक्ती घटवतो व इंजिनाची झीज वाढवतो. स्पर्धेच्या गाड्या किंवा अंतर्भाग बदललेली इंजिने यांची गोष्ट निराळी असून तेथे वायुग्रहणाची रचना निर्णायक ठरते.

या लेखात उदाहरणांसाठी महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्हा घेतला आहे. उत्तरेला पूर्णा नदीचे तापट मैदान, मध्यभागी अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठार आणि बहुतेक भागात काळी माती, यांमुळे उष्णता, उंची आणि धूळ या तिन्ही घटकांचा इंजिनावरील परिणाम एकाच जिल्ह्यात पाहता येतो.

रचना

मूळ वायुग्रहण यंत्रणेत हवा आत घेणारे तोंड, गाळणीची बंद पेटी, घडीदार कागदाची गाळणी, आवाज शोषणारे पोकळ कप्पे, थ्रॉटल झडप आणि प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या शाखानळ्या असे भाग असतात. आत घेणारे तोंड सहसा रेडिएटरच्या वरच्या बाजूस किंवा पुढच्या चाकाच्या मडगार्डाजवळ असते, कारण तेथे बाहेरची तुलनेने थंड हवा मिळते. म्हणजेच ‘थंड हवा’ हे पर्यायी संचाचे वैशिष्ट्य म्हणून जाहिरातीत सांगितले जात असले, तरी बहुतेक गाड्यांत ती सोय कारखान्यातूनच आलेली असते.

पर्यायी प्रकार मुख्यतः तीन. पहिल्यात मूळ पेटी तशीच ठेवून आतील कागदी गाळणीऐवजी त्याच मापाची, तेल लावलेल्या सुती जाळीची धुण्याजोगी गाळणी बसवतात. दुसऱ्यात पेटीच काढून टाकून लहान नळीच्या टोकाला शंकूच्या आकाराची उघडी गाळणी बॉनेटखाली बसवतात. तिसऱ्यात लांब नळी खाली बंपरमागे किंवा मडगार्डात नेऊन तेथे गाळणी बसवली जाते. सुती जाळीच्या गाळण्या जगभर रूढ करण्यात १९६९ मध्ये अमेरिकेतील रिव्हरसाइड येथे सुरू झालेल्या के अँड एन या कंपनीचा मोठा वाटा आहे. भारतात तिचे नाव या प्रकारच्या गाळणीचे सामान्यनाम झाल्यासारखे वापरले जाते. खामगावसारखी कापसाची जुनी बाजारपेठ असलेल्या जिल्ह्यात गाळणीसाठी कापूस वापरला जातो याचे नवल वाटू नये. मात्र या जाळीत धूळ अडवण्याचे काम सूत एकटे करीत नाही. त्यावर लावलेले चिकट तेलही ते करते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

कार्यतत्त्व

पेट्रोल इंजिनाची शक्ती शेवटी ते किती हवा घेऊ शकते यावर ठरते. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. इंधन हवे तेवढे सोडता येते. हवा मात्र वातावरणाच्या दाबाने आत ढकलली जाईल तेवढीच मिळते. दट्ट्या खाली जाताना सिलिंडरात दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत शिरते. वाटेत गाळणी, वळणे, थ्रॉटल आणि झडपा यांचा अडथळा होऊन तिचा दाब थोडा थोडा घटतो. सिलिंडरात प्रत्यक्ष शिरलेली हवा आणि त्याच्या घनफळानुसार शिरू शकणारी हवा यांच्या गुणोत्तरास घनफळीय कार्यक्षमता म्हणतात. साध्या, टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनात ती ८० ते ९० टक्क्यांच्या आसपास असते.

१.२ लिटर क्षमतेचे चार-धावी इंजिन मिनिटाला ६,००० फेरे फिरत असेल, तर ते मिनिटाला ३,००० वेळा आपल्या पूर्ण घनफळाइतकी हवा घेण्याचा प्रयत्न करते. घनफळीय कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास ही हवा मिनिटाला सुमारे ३,०६० लिटर, म्हणजे सेकंदाला ५१ लिटर होते. एवढा प्रवाह चांगल्या अवस्थेतील मूळ गाळणी व नळीतून जाताना दाबात साधारण दोन किलोपास्कल घट होते असे समजू. बुलढाणा शहराच्या उंचीवर वातावरणाचा दाब सुमारे ९४ किलोपास्कल असतो. गाळणी आणि नळी यांचा अडथळा पूर्णपणे नाहीसा केला, म्हणजे हवा जणू थेट मोकळ्या आकाशातून थ्रॉटलपाशी आली, तरी वाढ सुमारे दोन टक्क्यांचीच होईल. ८२ अश्वशक्तीच्या इंजिनात ती पावणेदोन अश्वशक्तीच्या घरात जाते. प्रत्यक्षात कोणत्याही गाळणीचा अडथळा शून्य नसतो. पर्यायी संचाने तो निम्मा केला असे मानले, तर लाभ एका अश्वशक्तीहून कमी उरतो, आणि तोही केवळ पूर्ण थ्रॉटल व सर्वाधिक फेऱ्यांवर.

हा हिशेब उलट बाजूनेही उपयोगी आहे. मूळ यंत्रणा जेथे खरोखर अरुंद असते, उदाहरणार्थ गाळणी धुळीने चोंदलेली असते, नळी चेपलेली असते किंवा उत्पादकाने तीच पेटी अधिक मोठ्या इंजिनालाही वापरलेली असते, तेथे दाबघट जास्त असते आणि सुधारणेलाही तेवढाच वाव असतो. त्यामुळे संच घेण्याआधी दाबघट मोजणे हा सर्वांत समंजस मार्ग होय. तो पुढे दिला आहे.

पुरवली जाणारी हवा आणि इंधन यांचा मेळ आजकाल इलेक्ट्रॉनिक नियंत्रक घालतो. भारतात २००० नंतर प्रदूषण मानके कडक होत गेली तसा मोटारगाड्यांतील कार्बुरेटर मागे पडला व इंधन अंतःक्षेपण रूढ झाले. अनेक गाड्यांत नियंत्रक शाखानळीतील दाबावरून हवेचा अंदाज घेतो. काहींत तापलेल्या तारेचा वायुप्रवाह संवेदक असतो. हा दुसरा प्रकार नळीच्या व्यासाशी बांधलेला असतो. नळी रुंद केली की त्याच हवेचा वेग संवेदकापाशी कमी होतो, संवेदकाला हवा कमी वाटते आणि नियंत्रक इंधन कमी सोडतो. धुराड्यातील ऑक्सिजन संवेदक ही चूक काही मर्यादेपर्यंत भरून काढतो. मर्यादा ओलांडली की डॅशबोर्डावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. सुती गाळणीला तेल जास्त लावले गेल्यास त्याचे थेंब या तारेवर बसून तिचे मोजमाप बिघडण्याचाही संभव असतो.

उष्णता

हवेचा दाब वाढवण्याच्या खटपटीत तिच्या तापमानाकडे दुर्लक्ष होते आणि बहुतेक उघड्या गाळण्या येथेच हरतात. तापलेली हवा विरळ असते. इंजिनाची शक्ती वेगवेगळ्या हवामानात मोजून तिची तुलना करण्यासाठी आयएसओ १५८५ या मानकात २५ अंश सेल्सियस तापमान व ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब ही संदर्भस्थिती धरली आहे. त्यातील सूत्रानुसार टर्बोचार्जर नसलेल्या पेट्रोल इंजिनाची शक्ती निरपेक्ष तापमानाच्या ०.६ घाताच्या व्यस्त प्रमाणात, तर दाबाच्या १.२ घाताच्या सम प्रमाणात बदलते.

बाहेर ३५ अंश तापमान असताना वाहतुकीत अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली हवा ६५ अंशांपर्यंत तापली आणि उघडी गाळणी तीच हवा ओढू लागली, तर या सूत्राने शक्ती पाच टक्क्यांहून अधिक घटते. अडथळा कमी केल्याने मिळालेला एक टक्का या तोट्यापुढे टिकत नाही. गाडी वेगात असताना बॉनेटखालून वारा वाहत राहतो आणि हा फरक कमी होतो. तरीही आठ अंशांच्या फरकाने दीड टक्का शक्ती जातेच. म्हणून काही संचांबरोबर उष्णता अडवणारा पत्र्याचा आडोसा देतात. तो आडोसा चारही बाजूंनी नीट बंद केला आणि त्याला बाहेरची हवा मिळेल असे तोंड ठेवले की जे तयार होते, ते दिसायला व कामाला मूळ पेटीसारखेच असते.

मलकापूर ते बुलढाणा: उंचीचा परिणाम

मलकापूर, नांदुरा, शेगाव हा पूर्णा खोऱ्यातील भाग समुद्रसपाटीपासून साधारण २५० ते ३०० मीटर उंचीवर आहे. बुलढाणा शहर सुमारे ६५० मीटरवर वसलेले असून विदर्भातील थंड हवेचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. मलकापुराहून मोताळामार्गे बुलढाण्यास येताना राजूर घाट चढावा लागतो. या चढणीत वातावरणाचा सरासरी दाब सुमारे ९८.४ किलोपास्कलवरून ९३.८ किलोपास्कलवर येतो. वर दिलेल्या सूत्राने त्यामुळे शक्ती साडेपाच टक्क्यांच्या आसपास घटते. घाटमाथ्यावर हवा चार अंशांनी थंड असली तर त्यातील पाऊण टक्का परत मिळतो आणि निव्वळ घट सुमारे पाच टक्के राहते. याशिवाय मे महिन्यात मैदानातच तापमान ४४ अंश असेल, तर २५ अंशांच्या संदर्भस्थितीच्या तुलनेत साडेतीन टक्क्यांहून अधिक शक्ती घाट सुरू होण्यापूर्वीच कमी झालेली असते.

एका घाटाची चढण आणि एका उन्हाळ्याची उष्णता इंजिनाकडून जेवढे हिरावून घेतात, तेवढे कोणतीही गाळणी परत देऊ शकत नाही. घाटात गाडी ‘दम टाकते’ ही चालकांची तक्रार खरी असते. तिचे कारण मात्र गाळणीत असण्याऐवजी विरळ हवेत, चढणीत, चालू असलेल्या वातानुकूलन यंत्रात आणि भरलेल्या गाडीच्या वजनात असते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाला उंचीचा त्रास बराच कमी होतो, कारण टर्बाइन थोडे अधिक वेगाने फिरून शाखानळीतील दाब ठरलेल्या पातळीवर आणते.

हीच चढण चाचणीचे मैदान म्हणून वापरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे; परंतु वळणांच्या सार्वजनिक घाटरस्त्यावर वेळ लावून गाडी चढवणे धोक्याचे असून त्यातून मिळणारे आकडेही निरुपयोगी असतात. एका ट्रकमागे अडकल्याने होणारा फरक अपेक्षित लाभाच्या कितीतरी पट असतो.

धूळ

बुलढाणा जिल्ह्यात वायुग्रहण संचाचा विचार करताना खरा प्रश्न अश्वशक्तीपेक्षा धुळीचा आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि शेतरस्त्यांवर चाकांखाली तिचे पीठ होते. सोयाबीन व हरभऱ्याच्या मळणीच्या दिवसांत, तसेच रस्त्यांची कामे चालू असताना हवेतील धुळीचे प्रमाण आणखी वाढते. यातील डोळ्यांना सहज दिसणारे मोठे कण गाळणीत अडकतात. दट्ट्याची कडी आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधील तेलाचा थर काही मायक्रोमीटर जाडीचा असतो, आणि जवळपास तेवढ्याच किंवा थोड्या मोठ्या आकाराचे कण त्यात शिरून घासकागदासारखे काम करतात.

गाडी दर लिटरला १८ किलोमीटर चालते असे धरल्यास १०,००० किलोमीटरमध्ये सुमारे ५५५ लिटर, म्हणजे ४११ किलोग्रॅम पेट्रोल जळते. त्यासाठी सहा हजार किलोग्रॅम हवा, म्हणजे साधारण ५,५०० घनमीटर हवा इंजिनातून जाते. दर घनमीटर हवेत एक मिलिग्रॅम धूळ आहे असे समजले, तर गाळणीसमोर साडेपाच ग्रॅम धूळ येते. ९९.५ टक्के धूळ अडवणारी गाळणी त्यातील सुमारे २७ मिलिग्रॅम आत जाऊ देते. ९८ टक्के अडवणारी गाळणी ११० मिलिग्रॅम. टक्केवारीत दीडचा फरक किरकोळ वाटतो, इंजिनात पोहोचणारी धूळ मात्र चौपट होते. गाळण्यांची तुलना करताना ‘किती टक्के अडवते’ याऐवजी ‘किती टक्के सोडते’ हे विचारणे म्हणूनच योग्य.

गाळण्यांची चाचणी आयएसओ ५०११ या मानकानुसार, ठरावीक आकाराच्या कणांची प्रमाणित धूळ सोडून केली जाते. तिच्यात प्रवाहाचा अडथळा, धूळ अडवण्याची क्षमता आणि गाळणी किती धूळ साठवू शकते या तिन्ही बाबी मोजतात. विक्रेता फक्त पहिला आकडा सांगत असेल आणि उरलेले दोन विचारूनही देत नसेल, तर त्या गाळणीविषयी सावध राहावे. सर्वसाधारणपणे तितक्याच क्षेत्रफळात हवा सहज जाऊ देणारे माध्यम विरळ असते आणि ते अधिक धूळ सोडते; हा तोल क्षेत्रफळ वाढवूनच सुधारता येतो. कागदी गाळणीला असंख्य घड्या असतात त्या यासाठीच. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते: कागदी गाळणीवर धुळीचा पातळ थर जमला की तिची अडवण्याची क्षमता वाढते. त्यामुळे दर आठवड्याला गाळणी काढून झटकणे हितकारक नसते. दाबयुक्त हवेचा झोत जवळून मारल्यास कागदाला सूक्ष्म छिद्रे पडतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि गाळणी स्वच्छ दिसूनही निकामी झालेली असते.

धुण्याजोग्या सुती गाळणीचे यश पूर्णपणे देखभालीवर अवलंबून आहे. ती ठरलेल्या द्रावणाने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, मोजकेच तेल लावावे लागते. तेल कमी पडले तर धूळ आरपार जाते. कडेचा रबरी भाग पेटीत घट्ट बसला नाही तर हवा गाळणीला वळसा घालून जाते आणि मग माध्यम कितीही उत्तम असले तरी उपयोग नसतो. थ्रॉटलच्या अलीकडे नळीच्या आतील बाजूस पांढऱ्या फडक्याने पुसून पाहिल्यास बारीक मातकट थर लागतो का, ही गळती ओळखण्याची सोपी खूण आहे.

या संदर्भात शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरकडे पाहणे उद्बोधक ठरते. अनेक ट्रॅक्टरांत हवा आधी बॉनेटवरील वाटीसारख्या पूर्वगाळणीत गोल फिरवली जाते, त्यामुळे जड कण बाहेरच पडतात. नंतर ती तेलाच्या भांड्यावरून जाऊन तारेच्या जाळीतून पुढे जाते. भांड्यातील तेल ठरलेल्या खुणेपर्यंत ठेवणे आणि गाळ साचला की बदलणे हे ट्रॅक्टर चालवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून शिकवले जाते. धुळीत दिवसभर काम करणाऱ्या यंत्राचा रचनाकार गाळणी उघडी ठेवत नाही, उलट एकामागे एक दोन टप्पे घालतो.

डिझेल इंजिन

ग्रामीण भागातील जीपगाड्या, मालवाहू वाहने आणि मोठ्या प्रवासी गाड्या यांत डिझेल इंजिनांचे प्रमाण मोठे आहे. त्यांच्या बाबतीत पर्यायी संचाचा दावा आणखी कमकुवत ठरतो. डिझेल इंजिन नेहमी गरजेपेक्षा जास्त हवा घेऊन चालते; त्याची शक्ती किती डिझेल सोडले जाते यावर ठरते आणि ते प्रमाण नियंत्रकात आधीच निश्चित केलेले असते. हवा थोडी वाढली म्हणून नियंत्रक अधिक इंधन सोडत नाही. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात शाखानळीतील दाबही नियंत्रक ठरवतो, त्यामुळे गाळणी मोकळी केली तरी अंतिम दाब तोच राहतो. फार तर टर्बाइनचे कष्ट थोडे कमी होतात आणि दाब किंचित लवकर चढतो. गाळणी चोंदली मात्र की काळा धूर, मंद प्रतिसाद आणि टर्बोवरील ताण ही लक्षणे स्पष्ट दिसतात. अशा गाडीत सर्वांत चांगली ‘सुधारणा’ म्हणजे वेळेवर बदललेली मूळ गाळणी.

टर्बोचार्जर असलेले पेट्रोल किंवा डिझेल इंजिन नव्या आज्ञावलीने अधिक दाबावर चालवले जाते तेव्हा हवेची गरज बरीच वाढते आणि मोठी गाळणी व रुंद नळी उपयोगी पडू शकते. त्या वेळी शक्तीतील वाढ प्रामुख्याने आज्ञावलीमुळे झालेली असते. जाहिरातीत तिचे श्रेय बऱ्याचदा नळीला दिले जाते.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत शक्ती कमी होते ती वेगळ्या कारणाने. वायुरूप इंधन सिलिंडरात स्वतःच सुमारे दहावा हिस्सा जागा व्यापते आणि तेवढी हवा बाहेर राहते. गाळणी बदलून ही जागा परत मिळत नाही.

इंधनबचतीचा दावा

पेट्रोल गाडी रोजच्या वापरात पूर्ण थ्रॉटलवर क्वचितच चालते. मेहकर व सिंदखेड राजा तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर गाडी ताशी १०० किलोमीटर या स्थिर वेगाने चालली असताना थ्रॉटल अर्धवटच उघडा असतो आणि त्याच्या पलीकडे शाखानळीत दाब बाहेरच्या दाबाच्या जवळपास निम्मा असू शकतो. चालकाने स्वतःच पायाने इतका मोठा अडथळा ठेवलेला असताना गाळणीचा अर्धा किलोपास्कल अडथळा कमी झाला काय किंवा वाढला काय, थ्रॉटल तेवढाच कमी-अधिक उघडून तो भरून निघतो. त्यामुळे इंधनाच्या खपावर मोजण्याजोगा परिणाम होत नाही.

अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून हेच दिसले. इंधन अंतःक्षेपण असलेल्या आधुनिक पेट्रोल गाड्यांत गाळणी मुद्दाम चोंदवली तरी इंधनाच्या सरासरीत लक्षणीय फरक पडला नाही. चोंदलेली गाळणी बदलल्यावर वेग घेण्याचा कालावधी मात्र ६ ते ११ टक्क्यांनी सुधारला. कार्बुरेटर असलेल्या जुन्या गाडीत चोंदलेल्या गाळणीमुळे मिश्रण गडद होत असल्याने गाळणी बदलून २ ते ६ टक्के इंधन वाचू शकते. गाळणी बदलल्यावर सरासरी वाढते हा जुन्या चालकांचा अनुभव त्या काळातील गाड्यांसाठी खरा होता. नव्या गाड्यांना तो लागू पडत नाही. नळीत हवेला भोवरा देणारी पाती बसवून इंधन वाचवण्याची उपकरणेही विकली जातात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आजवर शंभराहून अधिक कथित इंधनबचत उपकरणे तपासली असून त्यांतील फारच थोड्यांत किरकोळ लाभ आढळला. वाटेत ठेवलेली पाती हा स्वतःच एक अडथळा असतो.

नळीची लांबी आणि आवाज

शोषण झडप उघडताच नळीतील हवेत दाबलहर निर्माण होते. ती ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३५० मीटरने, उघड्या टोकापर्यंत जाऊन परत येते. झडप मिटण्याच्या सुमारास दाट हवेची लहर परत पोहोचली तर ती थोडी अधिक हवा आत रेटते. शाखानळी लांब ठेवल्यास हा लाभ कमी फेऱ्यांवर, आखूड ठेवल्यास जास्त फेऱ्यांवर मिळतो. क्रायस्लर कंपनीने १९६० च्या काही गाड्यांत सुमारे ३० इंच लांबीच्या शाखानळ्या याच तत्त्वावर दिल्या होत्या. बाजारातील संच गाळणीपासून थ्रॉटलपर्यंतचा भाग बदलतात, शाखानळ्या बदलत नाहीत. त्यामुळे या परिणामाचा फारसा फायदा त्यांना घेता येत नाही. उलट मूळ नळीवरील पोकळ कप्पे काढून टाकल्याने मधल्या फेऱ्यांवरील टॉर्क किंचित कमी झाल्याचेही मोजणीत दिसू शकते.

हे कप्पे मुख्यतः आवाज शोषण्यासाठी असतात. ते गेले की ॲक्सिलरेटर दाबताच बॉनेटखालून घुमणारा आवाज येऊ लागतो आणि गाडी जोमदार झाल्यासारखी वाटते. समाधानी ग्राहकांच्या अनुभवामागे बहुतांशी हाच आवाज असतो. आवाज आवडणे यात गैर काही नाही; त्याला अश्वशक्ती समजणे मात्र चूक.

मोजणीची पद्धत

एक-दोन टक्क्यांचा फरक चालवून जाणवत नाही. रोलरवरील शक्तिमापक यंत्रावरही लागोपाठच्या दोन मोजण्यांत एवढा फरक टायर, तेल आणि हवेचे तापमान बदलल्याने सहज पडतो. म्हणून मूळ यंत्रणा, पर्यायी संच आणि पुन्हा मूळ यंत्रणा अशा क्रमाने प्रत्येकी तीन-चार मोजण्या घेऊन त्यांची सरासरी काढावी लागते. बॉनेट उघडे ठेवून समोर मोठा पंखा लावून घेतलेले आकडे उघड्या गाळणीच्या बाजूने झुकतात, कारण रस्त्यावर बॉनेट बंद असते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना करता येण्याजोगी स्वस्त चाचणी पाण्याच्या दाबमापकाची आहे. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तीत रंगीत पाणी भरावे, एक टोक गाळणी व थ्रॉटल यांच्यामधील नळीला जोडावे आणि दुसरे मोकळे ठेवावे. इंजिन पूर्ण थ्रॉटल व जास्त फेऱ्यांवर असताना दोन्ही बाजूंच्या पातळ्यांतील फरक वाचावा. १०.२ सेंटिमीटर फरक म्हणजे एक किलोपास्कल. ही मोजणी रोलरवर, गाडी पट्ट्यांनी बांधून करावी. फरक १५ ते २० सेंटिमीटरच्या आत असेल, तर गाळणीच्या भागात मिळण्याजोगे फार काही शिल्लक नाही असे समजावे.

स्पर्धेतील उपयोग

विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांत पेट्रोल इंजिनाला लागणारी सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच छिद्रातून जावी असा नियम असतो. भारतात सुप्रा एसएईइंडिया आणि फॉर्म्युला भारत या स्पर्धा या धर्तीवर होतात. छिद्रातील हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका झाला की प्रवाह सेकंदाला सुमारे ०.०७ किलोग्रॅमवर अडतो आणि इंजिन कितीही ओढले तरी वाढत नाही. येथे छिद्रापुढील नळी हळूहळू रुंद करून दाब परत मिळवणे, मधल्या साठवण कक्षाचे घनफळ ठरवणे आणि शाखानळ्यांची लांबी जुळवणे यांवर गाडीची शक्ती खरोखर अवलंबून असते. रस्त्यावरील गाडीत ज्याला जवळजवळ अर्थ नाही, तेच काम येथे संपूर्ण रचनेचा गाभा ठरते.

पावसाळ्यातील धोका

गाळणी बंपरमागे खाली नेणाऱ्या लांब नळीच्या संचाचा एक धोका पावसाळ्यात उद्भवतो. नाल्यावरील ठेंगण्या पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातल्यास गाळणी पाण्यात बुडते आणि इंजिन हवेऐवजी पाणी ओढते. पाणी दाबले जात नाही. वर येणारा दट्ट्या त्यावर आदळून त्याचा जोडदांडा वाकतो किंवा तुटतो. एका क्षणात होणाऱ्या या नुकसानीची दुरुस्ती संचाच्या किमतीच्या अनेक पट असते. मूळ नळीचे तोंड बॉनेटच्या उंचीवर ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याच मापाची गाळणी मूळ पेटीत बदलणे ही देखभाल होय. पेटी, नळी आणि नियंत्रकाची आज्ञावली बदलणे हा बदल या सदरात येण्याची शक्यता असते, शिवाय त्यामुळे उत्पादकाची हमी नाकारली जाऊ शकते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनुसार गाडीचे प्रमाणीकरण मूळ वायुग्रहण यंत्रणेसह झालेले असते. पेट्रोल गाडीची पीयूसी तपासणी इंजिन भाराविना चालू ठेवून होते. भार असताना मिश्रण बिघडत असेल तर ते या तपासणीत उघड होत नाही, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे संच निर्दोष आहे असे ठरत नाही. कॅलिफोर्निया राज्यात अशा प्रत्येक संचाला तेथील हवा संसाधन मंडळाची स्वतंत्र सूट घ्यावी लागते आणि तिचा क्रमांक संचावर छापलेला असतो. त्या क्रमांकाचा अर्थ संच प्रदूषण वाढवत नाही एवढाच असून शक्ती वाढते असा नाही.